सीटवर कोण बसलंय?

शनिवारी सकाळी खेळाच्या मैदानाच्या कडेला पाय ठेवायला जागा नव्हती. आणि हा सगळा थाट कशासाठी, तर गवत कापायच्या गाडीसाठी! वर बसून चालवायची ही चारचाकी गाडी महिनाभर कुणालाच दाद देत नव्हती. गेलेल्या माणसांशी बोलतात अशी ख्याती असलेल्या फुंकरमहाराजांनी इंजिनावर तीनदा फुंकर मारली, डोळे मिटले, सीटवर विराजमान झाले आणि किल्ली फिरवली. गाडी धडधडू लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"कंपनं ओळखावी लागतात," महाराज म्हणाले. ही कंपनं नेमकी येतात कुठून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

वहिनी गर्दीच्या मागे उभ्या होत्या. त्यांचे यजमान माळीदादा वीस वर्षं या मैदानाची निगा राखत होते. महिन्यापूर्वी झोपेतच गेले आणि त्या दिवसापासून गाडी रुसली. मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने प्लग पुसला, बॅटरी चार्ज केली, जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. गाडी ढिम्म.

महाराजांनी किल्ली बंद केली आणि खाली उतरून इंजिनाला कान लावला. "माई, तो इथंच बसलाय, या सीटवर. थंडीनं कुडकुडतोय. या सीटला कुणी शिवायचं नाही! आणि तुमची आतली खोली मला द्या म्हणतोय. मी जवळ असलो की त्याला ऊब मिळते."

आत्मा महाराजांच्या सोयीचं तेवढंच बोलत असे. पण वहिनींच्या काळजात 'कुडकुडतोय' हा शब्द रुतला.

मैदानाला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नाही. आत कुणी झोपलंय असं वाटून त्या अजून कडी हळूच घालायच्या. संध्याकाळी शेडमध्ये जाऊन गाडीला दिवसभराचं सांगायच्या. नळाला पाणी उशिरा आलं, शेजारच्यांची मांजर व्याली. दुसरं सांगणार तरी कुणाला? परक्या पुरुषाला घरात घ्यायचा धीर होत नव्हता, आणि नाही म्हणावं तर हे थंडीत. शेवटी त्यांनी होकार दिला. पुढच्या शनिवारी महाराज बिछाना घेऊन येणार होते.

शुक्रवारी दुपारी वहिनी शेडमध्ये गेल्या. "फार एकटं वाटतंय हो," म्हणाल्या आणि महाराजांची आज्ञा मोडून सीटवर बसल्या. नुसतं टेकावं म्हणून. हात किल्लीकडे गेला. इंजिन सुरू झालं!

"अगंबाई, ऐकलंत माझं!" त्या हरखून मेकॅनिकला हाक मारायला खाली उतरल्या. इंजिन बंद. पुन्हा बसून किल्ली फिरवली, सुरू. उतरल्या, बंद. तीनदा तेच झालं. चौथ्यांदा वहिनी बसल्या नाहीत. त्यांनी सीट उचलली. खाली बोटाच्या पेराएवढं काळं बटण होतं आणि त्याला दोन तारा. एका हाताने बटण दाबून दुसऱ्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

वहिनींनी बटण सोडलं. इंजिन बंद. तिथे कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. सीट खाली ठेवून गप्प बसता आलं असतं. मग हे राहिले असते, शनिवारी गाडीभोवती जमणारी माणसंही राहिली असती. हा विचार त्यांनी बराच वेळ केला. मग मेकॅनिककडे गेल्या.

"तुम्ही किल्ली फिरवलीत तेव्हा सीटवर बसला होतात?"

"नाही वहिनी. दादांची जागा ती. बसवेचना. बाजूला उभं राहूनच फिरवली."

"सगळ्यांनी तसंच केलं असणार," वहिनी म्हणाल्या.

मेकॅनिकने सीट उचलून पाहिली आणि कपाळावर हात मारला. चालवणारा खाली पडला, तर पाती थांबावी म्हणून ते बटण होतं. वजन नाही, तर इंजिनही नाही. महाराज पूर्वी अशाच गाड्या विकणाऱ्या दुकानात कामाला होते, हे मागाहून कळलं.

शनिवारी महाराज बिछान्यासकट हजर झाले. फुंकर मारायला गाल फुगवले तोच वहिनी पुढे आल्या. मेकॅनिकने मैदान आखायच्या चुन्याची गोणी सीटवर ठेवली. वहिनींनी बाजूला उभं राहून किल्ली फिरवली. गाडी धडधडू लागली.

"आत्मा गोणीत उतरला!" महाराज ओरडले.

"मग गोणीलाच द्या खोली!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. वहिनींनी सगळ्यांना सीटखालचं बटण दाखवलं. सगळे वाकून बघेपर्यंत महाराजांनी बिछाना काखोटीला मारला होता.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. "हे इथं नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे ह्यांना थंडीही वाजत नाही. गेलेल्या माणसाचा निरोप घेऊन कुणी आलं, तर आधी सीट उचलून बघा. मग काय रडायचं ते रडा. मलाही रडायचंय. पण आधी हे गवत कापते."

त्यांनी गोणी खाली उतरवली आणि स्वतः सीटवर बसल्या.