तासाला एक

"मीच नीट ऐकलं नसणार हो. गणित पक्कं आहे माझं, कानच हल्ली दगा देतात," बाई म्हणाल्या. विजेचं बिल त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीखाली सरकवलं. मला बघूही दिलं नाही.

त्यांनी बरोबर ऐकलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, याच परसात. त्यांच्या यजमानांची, काकांची, दृष्टी गेली, निदान दिवसभर पाण्याचा आवाज तरी ऐकत बसतील, म्हणून बाईंना दगडांवरून पडणारा छोटा धबधबा हवा होता. पुरुषभर उंची, वीतभर रुंद धार. त्याला पाण्यात बुडवून ठेवायचा लहानसा पंप रग्गड झाला असता. पण माझ्या दुकानात एक हॉर्सपॉवरचा पंप दोन वर्षं धूळ खात पडला होता. तोच मी त्यांच्या गळ्यात मारला.

"वीज किती खाईल?" पाइप जोडत असताना बाईंनी विचारलं होतं.

"एक युनिट."

"दिवसाला एकच?"

तासाला एक. पण माझ्या दातांत टेपचं टोक होतं. मी नुसतं "हं" केलं. टेप काढून बोलायला कितीसा वेळ लागला असता! तेवढाही मी लावला नाही.

आता दगड कोरडे ठणठणीत पडले होते. समोर खुर्चीत काका बसले होते, कान तिकडेच लावून.

"बाई, हा काढून मी छोटा बसवून देतो. फुकट."

"छे! माझ्या चुकीचा भुर्दंड तुम्ही का सोसायचा? सकाळी दहा मिनिटं लावते, तेवढं पुरतं."

"तसं नाही, त्या दिवशी मी..."

वाक्य तिथंच तोडून मी पंपाची वायर तपासायला वाकलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, तरी खरं काही सांगितलं नाही.

"कोण, पंपवाले आलेत?" काका म्हणाले. "अगं, मग लाव ना! त्यांनाही ऐकू दे, किती छान काम केलंय ते."

"आजची दहा मिनिटं झाली की हो."

"मग उद्याची आज लाव."

बाईंनी बटण दाबलं. पाणी धो धो कोसळलं, त्या एवढ्याशा परसात न मावणारं. काकांनी चाचपडत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. बाई घड्याळाकडे बघत बटणापाशीच उभ्या राहिल्या.