वेल्डाचं कुंपण

एवढं वाऱ्यासारखं धावणारं जनावर कमरेइतक्या कुंपणापुढं थांबतं आणि तिथंच मरतं, असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला हसू येतं. मलाही यायचं. माझी वहिनी वेल्डा मात्र कधी हसली नाही.

"त्यांना उडी मारता येत नाही असं नाही, निओमा," ती म्हणायची. "त्यांना ती सुचत नाही. मोकळ्या माळावर जन्मलेल्याला उडी कशाला लागेल?"

"मग काढ एखादी शाळा त्यांच्यासाठी," मी म्हणायचे.

पुस्तकात त्यांना प्रॉन्गहॉर्न म्हणतात. आम्ही वायोमिंगचे लोक नुसतं हरणं म्हणतो. उन्हाळाभर ती वर डोंगराच्या पायथ्याशी असतात आणि नोव्हेंबर लागला की खाली सेजच्या झुडपांच्या माळावर येतात, कारण बर्फातून वर डोकावणारं तेवढंच त्यांच्या पोटाला मिळतं. त्यांच्या त्या वाटेवर मधोमध माझ्या भावाची, ऑरिनची, जमीन आहे. गाई अडवायला घातलेलं त्याचं तारेचं कुंपण वाटेला आडवं जातं. एरवी हरणं गुडघे टेकून खालच्या तारेखालून सरपटत जातात. बर्फ पडला की ती फट बुजते. मग ती कुंपणाच्या कडेकडेनं चालत राहतात, आणि कुंपण संपतं तिथं हायवे आहे.

वेल्डा लग्न होऊन आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिनं हे पाहिलं. वसंत येईपर्यंत तिनं ऑरिनला सुखानं जेवू दिलं नाही. शेवटी त्यानं हात टेकले आणि सगळं कुंपण नव्यानं बांधलं, पाडायचं कुंपण. त्याच्या तारा खांबांना ठोकलेल्या नसतात. त्या उभ्या काठ्यांना असतात आणि काठ्या खांबांना तारेच्या कड्यांनी अडकवलेल्या. कडी काढली की तेवढं कुंपण चटईसारखं जमिनीवर झोपतं. गाई घरी आणल्या की वेल्डा पक्कड घेऊन घोड्यावर बसायची आणि एकेक कडी सोडवत जायची. मागून ऑरिन पिकअपमध्ये कॉफीचा थर्मास घेऊन कुरकुरत यायचा. वसंतात दोघं मिळून ते परत उभं करायचे. या कामाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

सप्टेंबरात शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नाव निघालं तर दोघं मिळून एक नर मारायचे. एकच. मादीला कधी नाही.

"आपण वाट द्यायची, त्यांनी एक नर द्यायचा," वेल्डा म्हणायची. "असा करार आहे आमचा."

"हरणांनी सही केली का त्याच्यावर?" मी विचारलं होतं.

"तू मेलीस ना, की तुझ्या थडग्यावरसुद्धा काहीतरी खवचट लिहायला लागेल," ती म्हणाली.

मेली मात्र ती आधी.

त्या नोव्हेंबरात ती सॉल्ट लेकच्या दवाखान्यात होती आणि ऑरिन तिच्या उशाशी. मी माझं हॉटेल बंद ठेवून तिला भेटायला गेले. नेलेलं सूप तिला घोटभरही गेलं नाही. खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं. ती बराच वेळ तिकडं बघत होती, मग तिनं ऑरिनकडं मान वळवली.

"कुंपण पाडलंस का?"

"पाडलं," ऑरिन म्हणाला.

"सगळं? ओढ्याकडचंसुद्धा?"

"सगळं. तू झोप आता."

ती खरोखरच झोपली. किती दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती. ते पाहून मला बरं वाटलं होतं.

परत येताना मी त्याच्या जमिनीवरून आले. कुंपण ताठ उभं होतं. मी तिथूनच त्याला फोन लावला.

"ऑरिन, अरे, हे कुंपण उभंय इथं."

"माहितीय मला."

"शिकारवाल्या लेलँडला सांगू का? तो आणि त्याची माणसं एका दुपारीत पाडतील."

"नको. आमचं काम आहे ते. ती जरा सावरली की मी येतो आणि करतो."

"हवा बरी दिसत नाहीय."

"निओमा, मी येतो म्हटलं ना."

मी काय करणार? माझ्या भावाच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती देवालाही काढता येत नाही. शिवाय मला वाटतं, ते काम दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे ती आता परत येणार नाही हे कबूल करणं होतं. ते त्याला जमत नव्हतं. वेल्डा सावरली नाही. तिला पुरलं त्या दिवशी बर्फ सुरू झाला तो थांबलाच नाही. मग भर डिसेंबरात एक दिवस पाऊस पडला, आणि त्या पावसाचं सगळं खोऱ्यावर काचेसारखं कवच झालं. तारा, कड्या, काठ्या, सगळं बर्फात चिणलं गेलं. ऑरिन पहार घेऊन गेला. त्याची बोटं फुटली पण कड्या सुटल्या नाहीत.

त्या वर्षी कळप उशिरा, जानेवारीत उतरला आणि कुंपणाशी उभा राहिला.

मी रोज दुपारी तिकडं जायचे. ऑरिन तार कापायची कात्री घेऊन बर्फातून जवळ जायचा, आणि तो दिसला की सगळी हरणं शेपटाखालचा पांढरा भाग फुलवून पळायची. म्हणजे पळायला बघायची. कवच फुटून पाय छातीपर्यंत आत जायचे, कडांनी घोट्यांची कातडी सोलून निघायची. त्यानं दोन्ही टोकांना कुंपण कापून वाट केली. थोडी त्यातून गेली. बाकीच्यांत तिथवर जायचं बळ उरलं नव्हतं.

शेवटी वन्यजीव खात्याची मारेन आली. वयानं लहान, पण आमच्या खोऱ्यातलं हरणाचं प्रत्येक पाऊल तिला ठाऊक.

"ऑरिन, तुम्ही आता त्यांच्याजवळ जाऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही दिसलात की ती पळतात. अंगात जे काही उरलंय ते त्यात जातंय."

"मग गवत टाकतो गाड्या भरून."

"या दिवसांत त्यांच्या पोटाला गवत पचत नाही. भरल्या पोटानं मरतील."

"मग काय नुसतं बघत बसू?"

"हो," मारेन म्हणाली, आणि तोंड फिरवून रडायला लागली.

तो बघत बसला. पिकअपमध्ये, काच खाली करून, रोज. हरणं वाऱ्याकडं पाठ करून कुंपणालगत ओळीनं बसायची. उठली नाहीत की कळायचं. एप्रिलात बर्फ उतरला तेव्हा त्यानं ती स्वतः उचलली, कुणालाही येऊ दिलं नाही. बहुतेक माद्या होत्या. आमच्या हरणांना जुळी होतात. एका मादीचं पोट गिधाडांनी उघडलं होतं, तिथं त्याला ती दोन दिसली. हे त्यानं मला माझ्या हॉटेलात, गिऱ्हाइकांसमोर, अंडी खाता खाता सांगितलं, आणि मग काटा खाली ठेवला. मी त्याच्यापुढची बशी उचलली. दुसरं काय सुचणार?

मे महिन्यात खात्यानं सभा बोलावली. अग्निशमन केंद्रातल्या गाड्या बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. मी ॲपल-पाय भाजून नेले होते, कारण रिकाम्या पोटी आमची माणसं जास्त भांडतात. मारेननं उभं राहून सांगितलं, यंदा माद्यांचा आणि पाडसांचा एकही परवाना नाही, आणि नरांचे अगदी मोजके.

लेलँड लगेच उठला. बाहेरगावच्या शिकाऱ्यांना घेऊन हिंडणं हा त्याचा धंदा. माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही.

"म्हणजे मारलं हिवाळ्यानं आणि शिक्षा आम्हाला. हिवाळ्याचा परवाना रद्द करा की आधी."

लोक हसले. मग एकेकाला कंठ फुटला. कुणी म्हणालं कोल्हे माजलेत, कुणी म्हणालं हायवेवरचे ट्रक, कुणी म्हणालं गॅस काढायच्या विहिरी. सगळ्यांचं थोडंथोडं खरं होतं. मी ॲपल-पायचे तुकडे करत होते. मान वर केली तर ऑरिन उभा राहिलेला. माझा भाऊ चर्चमध्येसुद्धा कधी बोलत नाही.

"माझ्या कुंपणाशी मेली ती," तो म्हणाला. "मी ते पाडलं नव्हतं. वेल्डाला मात्र सांगितलं, पाडलं म्हणून. ती तेच खरं मानून गेली."

लेलँडनं घसा खाकरला.

"हिवाळाच तसला होता, ऑरिन. सगळीकडं मेली."

"हिवाळा सगळीकडं होता. कुंपण माझं होतं." मग तो मारेनकडं वळला. "आमच्या भागातली शिकार पुरती बंद करा. एकही परवाना नको. माझ्याच्यानं ते बघवणार नाही."

मारेन हो म्हणाली असती तर सभेतला एकही माणूस वाकड्यात शिरला नसता, लेलँडसुद्धा.

"करता येईल," ती म्हणाली. "त्यानं तुम्हाला बरं वाटेल. कळपाला फारसा फरक पडणार नाही. थोडे नर कमी झाले तर पाडसं कमी होत नाहीत. कळप माद्यांवर चालतो. ज्या उरल्यात त्या जगायला हव्यात, आणि त्यांना वाट हवी. ती मला परवान्यानं देता येत नाही, ऑरिन."

ऑरिन खाली बसला. त्याला शिक्षा हवी होती आणि पोरीनं ती दिली नाही, असं मला वाटलं. मनातून तिचा राग आला मला, खरं सांगते. पण ती बोलली त्यात चूक काहीच नव्हतं.

जूनमध्ये त्यानं गाई दुसऱ्याच्या कुरणात ठेवल्या आणि कुंपण काढायला घेतलं. पाडायला नव्हे, मुळापासून काढायला. खांब उपटायचे, तारा गुंडाळायच्या, खड्डे बुजवायचे. पहिले काही दिवस तो एकटाच होता. मग एका सकाळी लेलँड ट्रक घेऊन आला.

"तुला कुणी बोलावलं?" ऑरिन म्हणाला.

"कुणी नाही. यंदा धंदा नाही, घरी बायको बसू देत नाही," लेलँड म्हणाला आणि हातमोजे चढवले.

उन्हाळा संपेपर्यंत तिथं काही उरलं नाही. नवख्या माणसाला सांगूनही पटलं नसतं की इथं कधी कुंपण होतं. त्या वर्षी ऑरिननं नराच्या परवान्यासाठी अर्ज केला नाही. करार आपण मोडला, आता मागायचं कुठल्या तोंडानं, म्हणाला. पण तो पुन्हा जेवायला लागला होता. मला विचारायचा, "येतील ना गं?" आणि मी म्हणायचे, "न यायला काय झालं? त्यांना दुसरं घर आहे का कुठं?"

नोव्हेंबरात हरणं खाली उतरताना दिसली असं मारेननं कळवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या पिकअपमध्ये उंचवट्यावर जाऊन बसलो. पातळ बर्फ पडलेला. ऊन होतं. वेल्डाच्या थर्मासातली कॉफी त्यानं आधी मला दिली. त्यानं दाढी केली होती, आणि ते पाहून मला उगीच भरून आलं.

दुपारी ती आली. पूर्वी कळप यायचा तेव्हा सगळा माळ सरकल्यासारखा दिसायचा. आता एका नजरेत मावली. पुढं फाटक्या कानाची म्हातारी मादी होती. तिला वेल्डा लांबून ओळखायची, आणि गेल्या हिवाळ्यात कापलेल्या वाटेतून निघालेल्यांत ती होती. ऑरिननं माझा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

म्हातारी सरळ चालत आली आणि थांबली. बरोबर तिथंच, जिथं कुंपण होतं.

पुढं खांब नव्हता, तार नव्हती, नुसती झुडपं आणि त्यामागं सगळा मोकळा माळ. तिच्यामागची हरणंही येऊन ओळीनं उभी राहिली, मान खाली घालून, नसलेल्या तारेखालची फट शोधत.

"जा ना," ऑरिन पुटपुटला. "जा गं बाई, मोकळं आहे."

यंदाचं एक पाडस होतं त्यांच्यात. त्यानं ते कुंपण कधी पाहिलंच नव्हतं. ते झुडुप हुंगत हुंगत पुढं आलं, रेघ ओलांडून पलीकडं गेलं, आणखी थोडं पुढं गेलं. ऑरिनचा श्वास मला ऐकू येत होता. पाडसानं मान उचलून मागं पाहिलं. त्याची आई जागची हलली नाही. ते तिच्याकडं बघत तसंच उभं राहिलं. मग वळलं, धावत परत आलं आणि तिच्या पोटाशी जाऊन उभं राहिलं.

ऑरिननं दार उघडलं. मी त्याची बाही पकडली.

"जवळ गेलास तर पळतील."

"माहितीय," तो म्हणाला. तो गेला नाही. दाराला धरून नुसता उभा राहिला, टोपी काढून.

म्हातारी मादी वळली आणि त्या नसलेल्या कुंपणाच्या कडेकडेनं हायवेच्या दिशेनं चालू लागली. तिच्यामागून बाकीची गेली. पाडस शेवटी होतं. ती टेकाडाआड झाली. मग ऑरिन बोलला, माझ्याशी नाही.

"पाडलं गं, वेल्डा. या वेळी खरंच पाडलं."