हात लावायचा कॉम्प्युटर

१९९७ साली उंब्रजच्या शाळेत कॉम्प्युटर आला आणि आल्या दिवशीच त्याचा देव झाला. संस्थेचे चेअरमन आप्पासो यांनी नारळ फोडला, मॉनिटरवर स्वस्तिक निघालं, की-बोर्डवर हळदकुंकू पडलं आणि खोलीला कुलूप लागलं. हेडमास्तर लालासाहेबांनी दारावर पाटी लावली : हात लावू नये.

दीक्षा सांगलीहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली तेवीस वर्षांची बाई. नेमणूक कॉम्प्युटर शिकवायला, आणि वर्गातल्या साठ पोरांनी तो खिडकीच्या गजातून बघायचा. परीक्षेत पहिल्या आलेल्या पाचांना तेवढं आत जाता येई, तेही हात मागं बांधून. म्हणजे ज्यांच्या घरी टेबल, ट्यूबलाईट आणि शिकवणी, त्यांनाच दर्शन. बाकीच्यांनी गज पुसायचे.

त्या पाटीचा अर्थ दीक्षाच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागला नसता. आज्यानं तो पाणवठ्यावर ऐकला होता, बापानं हॉटेलात वेगळ्या ठेवलेल्या कपाकडं बघत. आता मशीनपुढं उभं राहून तोच ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. तिनं हेडमास्तरांना सरळ विचारलं, हात न लावता शिकवू कसं? ते म्हणाले, बिघडलं तर जबाबदार कोण? या एका प्रश्नावर आपल्याकडच्या निम्म्या शाळा झोपलेल्या आहेत.

वर चेअरमनचा निरोप आला. मशीन नुसतं पडून आहे म्हणे. तीस तारखेला येतो, पोरांनी काही करून दाखवलं तर ठीक, नाहीतर उचलून साताऱ्याच्या ऑफिसात नेतो. आधी कुलूप घालायचं आणि मग पडून आहे म्हणून ओरडायचं, ही यांची जुनी रीत. महिनाभराचा अवधी, आणि किल्ली सुभेदार सयाजींच्या खिशात.

सयाजी लष्करातनं पेन्शनीत आलेले, शाळेत कवायत घ्यायचे. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ. दीक्षानं किल्ली मागितली तेव्हा त्यांनी लेखी हुकूम मागितला.

मग तिनं पोरं मैदानात नेली. चुन्याच्या फक्कीनं सुरुवातीची रेघ आखली आणि सांगितलं, आजपासून आपल्यातलाच एकजण मशीन. एकानं वहीत हुकूम लिहायचे : पुढं इतकी पावलं, डावीकडं वळ, उजवीकडं वळ, उचल. मशीननं तेवढंच करायचं, आणि हुकूम संपले की परत यायचं. झेंड्याच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन तांब्या उचलून आणायचा.

आठ दिवस खेळ चालला आणि आठही दिवस तांब्या आला. पोरं खूश, दीक्षा वैतागलेली. कारण हुकूम सपशेल चुकलेले असायचे. वळायचं लिहायचं राहिलं तरी मशीन झालेला वीरधवल आपसूक वळायचा. तांब्या उचल असं लिहिलेलं नसलं तरी उचलायचा, वर पाणी भरून आणायचा. आपल्याकडं सांगणारा अर्धंच सांगतो, ऐकणारा उरलेलं समजून घेतो, आणि त्यावर सगळी गावं चालतात. मशीन असं समजून घेत नाही, हे दीक्षानं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पण चूक दिसतच नव्हती, तर पोरांनी दुरुस्त काय करायचं?

सयाजी रोज कडेला उभे राहून ही बेशिस्त बघत होते. नवव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "आसं आसतंय व्हय हुकूम पाळणं? सरा बाजूला. मी हुतो मशीन."

त्या दिवशी हुकूम लिहायची पाळी अक्षताची होती. तिचे वडील हायवेवर पंक्चर काढायचे आणि वर्गात तिचा नंबर त्रेचाळिसावा. तिनं स्वतः चालून पावलं मोजली होती, नीट लिहिली होती. पुढं वीस. उजवीकडं वळ. पुढं बारा. उचल.

सुभेदार निघाले. पण त्यांचं पाऊल पलटणीतलं, मोजून तीस इंचांचं, आणि अक्षताचं चिमणीचं. तेराव्या पावलाला टाकीकडं वळायची जागा मागं पडली, सोळाव्याला बाभळीचं कुंपण लागलं. पोरं ओरडायला लागली, पण थांब असं वहीत कुठं लिहिलं होतं? सयाजी काट्यांत घुसले, तिथंच जागच्या जागी पाय आपटत वीसपर्यंत मोजलं, उजवीकडं वळले आणि कुंपणाच्या आतून आणखी बारा पावलं रेटली. शेवटी वाकून जमिनीवरचं जे हाताला लागलं ते उचललं. शेणाची वाळकी गोवरी.

ती हातात धरून, खाकी शर्टाला काटे लटकलेले, ते परत आले. अक्षता रडायच्या बेतात होती.

"रडतीस कशाला? मशीननं हुकूम पाळला. हुकूम चुकला. माझं पाऊल मोज आणि पुन्यांदा लिव."

तिनं मोजलं. दुसऱ्या खेपेला तांब्या आला, आणि या वेळी तो खरा आला. त्यानंतर साठही पोरं आपापल्या वहीतल्या चुका हुडकायला लागली.

दुसऱ्या दिवशी सयाजींनी कुलूप काढलं आणि दारावरची पाटी उतरवून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. शिकवायला बाई आणायची आणि हात लावायचा न्हाई, हे दोन हुकूम एका वक्ताला पाळता येत न्हाईत, असं त्यांनी लालासाहेबांना ऐकवलं. फौजेत असं झालं तर आपण कोणता हुकूम सोडायचा हे आपल्याला कळतं, हेही वर सांगितलं. लालासाहेबांनी पाटी उचलून ड्रॉवरात टाकली. काट्यांनी ओरबाडलेल्या माणसाशी वाद घालायचा तर त्यांनाही कुठंतरी ओरबाडून घ्यावं लागलं असतं.

वीस दिवस साठ पोरं पटावरच्या क्रमानं, तिघं-तिघं आत बसली. आधी वहीत प्रोग्रॅम, मग मशीनवर.

तीस तारखेला आप्पासो जीप घेऊन आले. मशीन गुंडाळायला मागं वाकळही घातली होती, म्हणजे निकाल घरूनच लावून आणलेला. लालासाहेबांनी पहिल्या नंबराच्या पोराला पुढं ढकललं. दीक्षानं त्याला बाजूला केलं आणि अक्षताला बसवलं, कारण आजची पाळी तिची होती.

अक्षतानं ओळी टाइप केल्या, प्रोग्रॅम सुरू केला. मशीन पिपाणीसारखं वाजलं आणि पडद्यावर आलं, सिंटॅक्स एरर.

"मोडलं," आप्पासो म्हणाले. "तरी मी म्हणत हुतो." लालासाहेब धावत बटण बंद करायला गेले.

"सर, थांबा," दीक्षा म्हणाली. "तिची चूक तिला बघू दे."

अक्षतानं वळूनही बघितलं नाही. "मोडलं न्हाई. माझं चुकलंय, ते मला सांगतंय." दुसऱ्या ओळीत एक अवतरणचिन्ह राहिलं होतं. तिनं ते घातलं. इंग्रजी अक्षरांत प्रश्न आला : नाव काय?

"लिव, आप्पासो," चेअरमन म्हणाले.

"तुमीच लिवा," अक्षता म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

पंधरा गावांत या माणसाला कुणी नाव विचारलेलं नव्हतं. ते बसले. एका बोटानं एकेक अक्षर हुडकत राहिले, पी सापडेना तेव्हा अक्षतानं दाखवलं. शेवटी पडद्यावर आलं, नमस्कार आप्पासो.

ते हसले. पुन्हा लिहिलं, या वेळी पुढं माननीय लावून. मग तिसऱ्यांदा, वडिलांच्या नावासकट. चौथ्यांदा बोट पुढं गेलं तशी अक्षता म्हणाली, "आप्पासाहेब, उठा आता. मागं लाईन हाय."

आप्पासोंनी मागं बघितलं. पटाच्या क्रमानं एकोणसाठ पोरं दारातून पार मैदानापर्यंत उभी होती. प्रत्येकाच्या हातात वही. एकही पोर खाली बघत नव्हतं.

ते उठले. जाता जाता दीक्षापुढं थांबले आणि विचारलं, "उद्या बिघडलं तर जबाबदार कोण?"

"मी," दीक्षा म्हणाली. "आणि बिघडणारच. हाताळलं की बिघडतं. पोरं शिकतील दुरुस्त करायला."

आप्पासोंनी बाहेर जाऊन ड्रायव्हरला वाकळ घडी घालायला सांगितली. जीप हायवेला लागली तेव्हा खुर्ची अजून गरम होती आणि वीरधवल तिच्यावर बसून आपलं नाव लिहीत होता.