चष्मेवाल्यांच्या हातातले निळे कार्ड

मित्रांनो, मी एक जुने, निळे, प्लास्टिकचे कार्ड आहे. मला पत्त्यांच्या जोडात शोधू नका. मी हुकूम नाही, एक्का नाही, माझ्याने कुणी कधी हात जिंकला नाही. माझ्यावर एकच शब्द आहे : ‘सूचना’.

ब्रिजच्या क्लबात खिडकीजवळच्या टेबलावर बोल्यांचा एक डबा आहे. त्यात मी राहते. ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात. त्यांनी एकमेकांशी बोलायचे नसते. खेळाआधी आपल्या पानांचा अंदाज द्यायला आपापल्या डब्यातून बोलीचे कार्ड काढून ठेवायचे. काही बोल्या सरळ असतात, काहींचा अर्थ भिडूंनी आधी ठरवलेला असतो. चौकट बोलायचे आणि सांगायचे बदामाबद्दल. असे ठरवायला बंदी नाही, लपवायला आहे. म्हणून भिडूने तशी बोली केली की मला बाहेर ठेवायचे, आणि समोरच्याने विचारले की सगळे सांगायचे. माझे काम एवढेच.

माझ्या डब्यापाशी बसत चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांच्यासमोर त्यांची धाकटी बहीण, शाळेतल्या भूगोलाच्या बाई. बाईंचा गुडघा धरलेला, म्हणून ते टेबल कायमचे त्यांचे. चष्मेवाल्यांनी मला इतके हाताळले की माझे कोपरे गोल झाले. “माणूस आहे की जाहीर नोटीस,” असे क्लबात लोक म्हणत. ते हसत आणि मला पुन्हा बाहेर ठेवत. त्या काळात माझ्यासारखे सुखी कार्ड दुसरे नसेल.

मग त्यांची नजर जाऊ लागली. जन्मभर दुसऱ्यांचे डोळे तपासले, आणि स्वतःला काळा आणि लाल रंग वेगळा दिसेना. पुढच्या वर्षी पाने दिसतील याची खात्री नव्हती. बाईंनी मनाशी ठरवले, या वर्षीचा करंडक दादाच्या हातात द्यायचाच.

अंतिम फेरीत समोर होते क्लबाचे अध्यक्ष वकीलसाहेब आणि त्यांचे भिडू, दातांचे डॉक्टर. डॉक्टरांनी ‘डबल’ ही बोली केली की वकील पहिले पान किलवरचे टाकत. दरवेळी. चष्मेवाल्यांनी विचारले, “या डबलचा काही खास अर्थ?”

“छे हो,” वकील म्हणाले. त्यांच्या डब्यातल्या माझ्या भावंडाला त्यांनी बोटही लावले नाही.

शेवटच्या डावात बाई ‘दोन चौकट’ बोलल्या. चष्मेवाल्यांनी मला चाचपून बाहेर ठेवले. वकिलांनी अर्थ विचारला.

“बदाम आणि इस्पिक दोन्हींची पाने बरीच, हात कमजोर. मोठ्या पानांचे पाच ते नऊ गुण,” चष्मेवाले म्हणाले. “पण आम्ही मागे असलो की ही तीन गुणांवरही बोलते. तेही धरून चाला.”

तो डाव बहीण-भावांनी जिंकला. करंडकही जिंकला. वकिलांनी हात वर करून पंचांना बोलावले.

“पाच गुणांच्या खाली ही बोली करायला आपल्या नियमांत मनाई आहे. यांनी आत्ताच कबूल केलंय.”

“माझ्या हातात सात गुण होते,” बाईंनी पाने उलटी करून दाखवली.

“पानांचा प्रश्न नाही, बाई. तुमचं आपसात काय ठरलंय, त्याचा आहे. आणि ते तुमच्या दादांनीच सांगितलं.”

पंचांनी नियमांचे पुस्तक दोनदा वाचले. “तसं लिहिलंय खरं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. डाव रद्द झाला. करंडक वकिलांकडे गेला.

लोक पांगल्यावर बाई म्हणाल्या, “कुणी विचारलं होतं तुला तीन गुणांचं?”

“अर्थ विचारला होता. तो अर्धाच कसा सांगू?”

“मग तो तुझा खरेपणा धुऊन पी आता. मी कुणासाठी खेळत होते रे?”

चष्मेवाल्यांनी मला डब्यात ठेवले. पहिल्यांदा जागा चुकली, मग सापडली. त्यानंतर ते आले नाहीत.

बाई मात्र आल्या. वकिलांनीच त्यांना भिडू म्हणून बोलावले, आणि त्या रागाच्या भरात हो म्हणाल्या. आता माझ्या डब्यापाशी वकील बसतात. एका संध्याकाळी बाई तीन गुणांवर ‘दोन चौकट’ बोलल्या; अर्थ तोच, आता वकिलांशी ठरलेला. वकिलांची बोटे माझ्यावरून गेली आणि ‘पास’चे कार्ड घेऊन बाहेर आली. समोर क्लबात नवे आलेले एक नवरा-बायको होते. बायकोने भीतभीत विचारले, “यात काही समजून घ्यायचंय का?”

“चौकट आहेत त्यांच्याकडे,” वकील म्हणाले.

बाईंच्या हातात चौकटचे एकच पान होते. त्या लावलेली पाने पुन्हा लावत बसल्या.

मित्रांनो, माझ्यावर आता धूळ बसते. ती पुसली नाहीत तरी चालेल. मला शोभेला ठेवू नका, वापरा. आणि कुणी न विचारता तुम्हाला जास्तीचे खरे सांगितले, तर त्याच शब्दांचा फास करून त्याच्या गळ्यात घालू नका. असा माणूस भांडत नाही. तो उठून घरी जातो, आणि तुम्हाला उरलेल्यांबरोबर खेळावे लागते.