ओहोटीची रेघ

"बाई, तिसऱ्यांदा तेच! आली ना परत लाल अक्षरं?" साहेब माझ्या खुर्चीमागून म्हणाले.

आली होती. पण पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल अक्षरांना घाबरायचं माझं वय केव्हाच गेलं. बंदराच्या या कचेरीत सत्तावीस वर्षं मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढते आहे. जुना कॉम्प्युटर काल कायमचा बसला, म्हणून नव्यावर आमचा प्रोग्राम मूळ कोडपासून कंपाइल करत, म्हणजे नव्यानं बांधत होते. आकडेमोडीचा भाग सुरळीत पार व्हायचा आणि आलेखाच्या खिडकीपाशी गाडं अडायचं. त्या खिडकीला लागणारी जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नव्या मशीनवर चालतच नव्हती.

"तयार पॅकेज मागवू," साहेब म्हणाले. "महिनाभर धक्क्यावरचा फलक रिकामा राहिला तर काय बिघडलं?"

"वा! पलीकडे जाणारी होडी फलक बघून सुटते, साहेब. ओहोटीत गाळात रुतली की माणसं अर्धा दिवस ताटकळतात. दुपारी बाराला कागद लागणार म्हणजे लागणार."

ती खिडकी आमच्या ह्यांची. हे पलीकडच्याच टेबलावर बसायचे. प्रोग्राममधले आकडे माझे, आकड्यांखाली छापला जाणारा आलेख ह्यांचा: चढती-उतरती निळी रेघ, एक आडवी खूण आणि खाली चिमुकल्या घड्याळांची चित्रं. "आकडे असताना ही नक्षी कशाला?" म्हणून मी वीस वर्षं भांडले. हे नुसते हसायचे. "असू दे गं, कुणाच्या तरी कामाला येते." दोन वर्षांपूर्वी हे गेले आणि भांडण अर्धवट राहिलं.

मी सेटिंगची फाइल उघडली. आलेखाचा भाग ऐच्छिक होता, वगळला तरी बाकीचं चालणार होतं. त्याच्यासमोर ह्यांनी लिहिलेलं 'हो' खोडून 'नाही' करताना बोट अडखळलं, खोटं कशाला बोलू? पण केलं. चार मिनिटं ओळी सरसर वर गेल्या, लाल अक्षर एकही नाही. आधी कालची तारीख घालून कमांड दिली. आकडे आले. कालच्या कागदाशी ताडून पाहिलं, मिनिटाचाही फरक नाही. मग आजचा कागद छापला.

"बघा, म्हटलं नव्हतं?" असं मी म्हणाले खरं, पण साहेबांना की पलीकडच्या टेबलाला, कोण जाणे.

बाराला पाच कमी असताना कागद फलकावर लावला. म्हातारा नावाडी आला, कागद वरपासून खालपर्यंत न्याहाळला, उलटूनही पाहिला.

"वहिनी, आज रेघ नाही?"

"आकडे आहेत की, हे काय ढळढळीत!"

"आकडे मला कुठं वाचता येतात?" तो ओशाळला. "दादांनी रेघ शिकवली होती. खुणेच्या खाली गेली की खालचं घड्याळ बघायचं, त्या वेळी होडी सोडायची नाही. कुणाला सांगणार नाही म्हणाले होते."

सांगितलं नाहीच. मलासुद्धा नाही! राग आला ह्यांचा, आणि रडूही आलं.

"थांबा दहा मिनिटं."

ह्यांच्या खणात आलेखाचा कागद होता, निळी पेन्सिलही. आकड्यांवरून ठिपके मांडले, जोडले. मग खूण, मग एकेक घड्याळ. ज्यांना मी पोरखेळ म्हणायची, ती काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

नावाड्यानं रेघेवरून बोट फिरवलं. "जरा वाकडी आलीय, वहिनी."

"पहिलीच आहे. उद्या बरी येईल."

त्यानं मनगटावरचं घड्याळ रेघेखालच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि होडीचा दोर सोडायला गेला.