मावळतीच्या खिडकीतली काजं

त्या सकाळी अंगुस्तान बोटात गेलंच नाही. चाळीस वर्षं वहिनीच्या मधल्या बोटावर टोपीसारखं बसणारं ते पितळी टोपण सुजलेल्या पेरापाशी अडलं. तिने साबण लावून पाहिला, दात-ओठ खाऊन दाबलं आणि शेवटी गुपचूप डब्यात टाकलं.

पण मास्तरने पाहिलं होतं. मास्तर म्हणजे तिचा धाकटा दीर. नवरा गेल्यावर शिवणाचं दुकान त्याने सांभाळलं, कोटांची काजं मात्र वहिनीकडेच राहिली.

"वहिनी, राहू द्या आता," कात्री खाली न ठेवताच तो म्हणाला. "सोमवारी काजाचं मशीन येतंय. तुमच्या टेबलाच्या जागीच बसवतो. वय झालं, घरी बसा, आराम करा."

"आराम करून कंटाळले की काय करू?"

"आणखी आराम करा."

तिला हसू आलं नाही. एकोणीस वर्षांची नवी सून होती, तेव्हा सासऱ्यांनी तिला याच टेबलाशी बसवलं होतं. महिनाभर नुसत्या चिंध्यांवर काजं. "काळ्यावर काळा दोरा, तो सकाळच्या उजेडातच," असं ते म्हणायचे. म्हणून टेबल उगवतीच्या खिडकीशी. पलीकडे नवरा इस्त्री फिरवायचा, ओल्या फडक्याची वाफ उठायची आणि त्या उबेत तिची सुई भरभर चालायची. आता टेबलाखाली गरम पाण्याचं भांडं लपवून ती त्यात बोटं बुडवून बसे. कुणी आलं की पायाने भांडं आत सरकवायचं!

त्या दुपारी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे तिची दुसरी फेरी होती. बाई वयाने तिच्या मुलीएवढ्या. त्यांनी रिपोर्ट वाचले, दोन्ही हातांचा एकेक सांधा हलकेच दाबून पाहिला आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"अकरा तरी वाजतात. मग वळतात. वय झालं ना, बाई."

"वयाने झिजलेले सांधे थोडी हालचाल केली की सहसा अर्ध्या तासात सैल होतात. तुमच्या दोन्ही हातांना सारखीच सूज आहे, रक्तातही दिसतंय. हा आमवात आहे. अंगाची राखण करणारी फौजच सांध्यांवर उलटलीय. त्यावर औषध आहे, पण ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. गुण यायला दोन महिने लागतील. मधूनमधून रक्त तपासायचं."

"म्हणजे काम सोडायचं?"

"असं कोण म्हणालं? फक्त सकाळी हातांशी भांडू नका."

जिना उतरताना वहिनी मध्येच थांबली. बोटं आखडायला लागल्यापासून दोन वर्षं तिला रोज नऊ वाजता जोखलं जात होतं, आणि नऊलाच तिचे हात झोपलेले असत. दुपारच्या वहिनीला कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही.

दुकानात येऊन तिने पदर खोचला, टेबलाला कंबर लावली आणि ढकलायला लागली. टेबल करकरत दुकानभर फिरलं. मावळतीच्या खिडकीशी उभा असलेला बिनडोक्याचा पुतळा तिने कोपराने बाजूला केला.

"अहो वहिनी! हे काय चाललंय?"

"बिऱ्हाड हलवतेय."

"बाबांपासूनची पद्धत आहे ती!"

"मामंजींनी उजेडासाठी खिडकी निवडली, भावजी. उजेड इकडेही येतो. मला म्हातारपण नाही, आजार झालाय, आणि त्याला औषध आहे. माझी बोटं दुपारी उजाडतात, तर काजंही दुपारीच होतील."

"मग मशीन?"

"येऊ दे की. शर्ट करील बापडं. कोटाला हात लावू देणार नाही."

"बॅण्डमास्तरचा कोट उद्या संध्याकाळी द्यायचाय. चौदा काजं आहेत."

"दोन दुपारी आहेत माझ्याकडे."

तिने चामड्याच्या तुकड्याची सैल टोपी शिवून बोटावर चढवली. बोटं दुखत नव्हती असं नाही. चौथं काज वाकडं गेलं, तिने ते उसवून पुन्हा घातलं. ऊन भिंतीवर चढेपर्यंत आठ झाली. मास्तर आला, वडील फिरवायचे तसं काजांच्या कडेवरून नख फिरवत गेला. मग त्याने पुतळा उचलला, आणि पुन्हा खिडकीशी न ठेवता उगवतीकडच्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तो कोट घेऊन हजर. वहिनी नव्या जागी बसली होती. गरम पाण्याचं भांडं आज टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि त्यात दोन्ही हात.

"वहिनी, उरलेली सहा?"

"अकरा वाजता," ती हात बाहेर न काढता म्हणाली. "तोवर चहा टाका. आणि भावजी, पुतळा जरा सरकवा. मशीनला जागा नको का?"