रजियाएवढा फोटो

मुराद जहाजावर खलाशी होता. एकसष्टच्या हिवाळ्यात रजेवर महाडला आला तो गळ्यात डब्बा कॅमेरा अडकवूनच. एस. टी.तून उतरल्या उतरल्या त्याने आपल्या तिन्ही पोरांना ओळीत उभे केले, फोटो काढला आणि मगच जवळ घेतले.

थोरली रजिया बारा वर्षांची. वर्षभरात ती ताडासारखी वाढली होती. रऊफ आणि धाकटी तिच्या कमरेपाशी यायची. मुरादने आख्खा रोल पोरांवर संपवला. बाजारातल्या भागोजीच्या स्टुडिओतून फोटो आले तेव्हा सगळे घर ओट्यावर जमले. रऊफ छान आला होता. धाकटीसुद्धा. रजियाची मात्र वेण्यांची टोके, झगा आणि पाय. मानेच्या वर काही नाही. बाराही फोटोंत तसेच.

"ही बघा आपली बिनमुंडीची आपा," रऊफ म्हणाला. सगळे हसले, मुराद सगळ्यांत जास्त. रजियाही हसली. पण दुपारभर तिच्या मनात एकच घोळत राहिले: सगळे मावले, आपणच तेवढ्या जास्तीच्या.

दुसऱ्या रोलमध्ये तिचा चेहरा प्रत्येक फोटोत होता. गुडघे वाकवलेले, मान खांद्यांत ओढलेली. मुरादने फोटो चटईवर मांडले आणि रजियाला हाक मारली.

"अशी का गो उभी रायलीस? पाठ दुखते?"

"नाय बावा. मावायला पायजे ना."

"कशात?"

"फोटोत."

मुरादने कॅमेरा उचलला, दुसऱ्या हाताने तिचा हात धरला आणि तडक सावित्री नदीचा काठ गाठला.

"आता हायस तेवढी उभी रहा. मावायचं काम माझं."

तो मागे सरकला, डब्याच्या काचेत डोकावला, आणखी मागे सरकला. रजिया सवयीने वाकलेलीच. मग तो गुडघ्यांवर बसला आणि शेवटी परदेशातून आणलेल्या पांढऱ्या पाटलोणीसकट चिखलात पालथा पडला. कपडे धुणाऱ्या गोदूबाईचा हात थांबला.

"मुराद, पडलास काय रे?"

"नाय मावशी. पोरीचा फोटो काढतोय."

"पोरगी वर हाय. तू खाली कुठं चाललास?"

मुराद पालीसारखा मागे मागे सरपटत होता. त्याचे पाय पाण्यात गेले.

"बावा, पाणी," रजिया म्हणाली.

"तू वर बघ."

"बावा, कंबर बुडली."

"बुडू दे. डोकं दिसत नाय अजून."

तेवढ्यात एक म्हैस पाण्यातून आली आणि त्याच्या मानेला हुंगू लागली. मुराद हलला नाही. रजियाला हसू फुटले, आधी नाकातून, मग तोंडभर, मग सगळ्या अंगातून. हसता हसता तिची पाठ आपोआप ताठ झाली, हात वर गेले आणि खटका दाबला गेला.

चार दिवसांनी भागोजीने फोटो हातावर ठेवला. रजियाने तो बराच वेळ पाहिला. पायांपासून भांगापर्यंत ती होती, तोंड उघडे, डोक्यावर आभाळ. मागचे डोंगर तिच्या गुडघ्यांना लागत होते.

"बावा, मी एवढी हाय?"

"एवढीच."

स्टुडिओतून निघाल्यावर घर डाव्या हाताला होते. रजिया उजवीकडे वळली. चवदार तळ्याला वळसा घालून, कोर्टावरून, सगळा बाजार पालथा घालून ती घरी गेली, मान वर करून, ओळखीच्याला आणि बिनओळखीच्याला फोटो दाखवत. मुराद धापा टाकत तिच्या मागे चालत होता.